उजवीकडची सीट

विमानात डावीकडची सीट कॅप्टनची. खांद्यावर चार पट्टे, काळा गॉगल, मागे घरंगळणारी ट्रॉली बॅग, एअरपोर्टवर वळून वळून बघणाऱ्या नजरा... सगळा माहोल त्या सीटचा. उजवीकडच्या सीटला कोण विचारतो? पण छोट्या ट्रेनिंग विमानात हिशेब थोडा वेगळा असतो. तिथे डावीकडे बसतो शिकणारा आणि उजवीकडे शिकवणारा. विमान दोन इंजिनांचं असेल, तर या उजवीकडच्या माणसाचं काम तर फारच भन्नाट असतं. हवेत असताना अगदी ठरवून एक इंजिन गप्प करायचं आणि मग शांतपणे बघत बसायचं, की आता हा डावीकडचा काय करतो!

बरोबर वाचलंत. आणि या कामाचा पगार मिळतो.

या जमातीचं नाव मल्टी-इंजिन इन्स्ट्रक्टर. पायलट मंडळींच्या बोलीत एमईआय. माझी एक डोंबिवलीची मैत्रीण अमेरिकेत, फ्लोरिडात, हे ट्रेनिंग घेत होती. कॉलेजात आम्ही एकाच बेंचवर. पुढे मी मास कॉमला गेले, ती इंजिनिअरिंगला. ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत तीन वर्षं कोड लिहिला, ८:१२च्या लोकलमध्ये तीन वर्षं लोंबकळली आणि एके दिवशी राजीनामा देऊन विमान शिकायला निघाली. एज्युकेशन लोन, बाबांचा पीएफ आणि आईची एक एफडी. म्हणजे उडत होती ती एकटी, पण विमानात अख्खं घर बसलेलं!

डमी स्टुडंट हवाय!

आधी तिथली उतरंड सांगते. अमेरिकेत आधी प्रायव्हेट लायसन्स, मग ढगांतून फक्त यंत्रांच्या भरवशावर उडण्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, मग पैसे घेऊन उडण्याचं कमर्शियल लायसन्स, त्यात मल्टी-इंजिन रेटिंग. एवढं झालं की तुम्ही पायलट. शिकवायचं असेल तर पुढची पायरी सर्टिफाइड फ्लाइट इन्स्ट्रक्टर, म्हणजे सीएफआय. आणि दोन इंजिनांच्या विमानात शिकवायचं असेल तर त्याच्यावर एमईआय. हे रेटिंग मिळण्याआधी दोन इंजिनांच्या विमानात स्वतः पायलट इन कमांड म्हणून किमान १५ तास झालेले असावे लागतात. शिवाय ज्या मॉडेलवर एखाद्याला मल्टी-इंजिन रेटिंगसाठी तयार करायचं, त्या मॉडेलवर किमान ५ तास.

१५ तास! आपल्याकडे नवी स्कूटी हातात बसायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. पण ती म्हणाली, ‘‘अगं, तास कमी आहेत म्हणूनच फाटते. इथे उडवता येतं का हा प्रश्नच नाहीये. ते येतं असं गृहीत धरलंय. प्रश्न हा आहे की समजावता येतं का.’’

समजावायची प्रॅक्टिस करायला समोर कुणीतरी लागतं. तिच्या रूममेट्स सगळ्या पायलट. त्यांना सगळंच माहीत. तिला हवा होता विमानातला ‘व’सुद्धा न कळणारा प्राणी. मग काय, माझी निवड बिनविरोध झाली! आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथे उन्हाळ्यात दुपारचे बारा. मी जेवून, मांडीवर उशी घेऊन फोनसमोर बसायचे. ती पांढऱ्या बोर्डावर विमान काढायची. असे आमचे जवळजवळ तीस क्लास झाले. फी शून्य.

एक बैल बसला तर?

पहिला धडा. दोन इंजिनं म्हणजे डबल सेफ्टी, असं तुम्हाला-मला वाटतं. एक गेलं तर दुसरं आहेच की! ती म्हणाली, ‘‘बैलगाडी आठव. डावा बैल बसला आणि उजवा जोरात ओढतोय. गाडी कुठे जाईल?’’

डावीकडे वळेल. अगदी तेच. डाव्या पंखावरचं इंजिन बंद पडलं की उजवं इंजिन विमानाचं नाक डावीकडे फिरवतं. नुसतं नाक फिरून थांबत नाही, विमान त्या बाजूला कलंडायलाही लागतं. त्याला सरळ ठेवायचं तर उजव्या पायाने रडरचं पेडल दाबून धरायचं. चांगलं कचकचून, कारण जोर बराच लागतो. मग डावा पाय रिकामा, डावं इंजिन रिकामं. जो पाय बेकार, त्या बाजूचं इंजिन बेकार. पायलट मंडळी हे सूत्र पाढ्यासारखं पाठ करतात.

पण रडर ही काही जादूची कांडी नाही. त्याला काम करायला वारा लागतो. वेग कमी झाला की वारा कमी, वारा कमी झाला की रडरची ताकद कमी. एका ठरावीक वेगाच्या खाली तुम्ही पेडल पार तळापर्यंत दाबलंत तरी विमान ऐकत नाही. या वेगाला म्हणतात व्हीएमसी. स्पीड दाखवणाऱ्या तबकडीवर तिथे लाल रेघ असते. माझी मैत्रीण ज्या पायपर सेमिनोलवर शिकत होती, त्यात ही रेघ ५६ नॉट्सवर, म्हणजे ताशी साधारण १०४ किलोमीटर. आणखी एक निळी रेघ असते. एका इंजिनवर सगळ्यात चांगलं चढायचं तर हा वेग धरा, असं सांगणारी. सेमिनोलमध्ये ती ८८ नॉट्सवर. निळ्या रेघेवर राहा, लाल रेघेच्या जवळ फिरकू नका. थोडक्यात सांगायचं तर एवढंच.

सेमिनोलमध्ये अजून एक गंमत आहे. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरत असतील, तर एक इंजिन जाणं हे दुसरं जाण्यापेक्षा जास्त वाईट असतं. त्याला क्रिटिकल इंजिन म्हणतात. सेमिनोलचे दोन पंखे एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे कुठलंही गेलं तरी दुःख सारखंच. ‘‘शिकायला सोपं,’’ ती म्हणाली, ‘‘पण शिकवताना दुसऱ्या विमानांचंही सांगावंच लागतं. नाहीतर मुलगा उद्या दुसऱ्या विमानात बसेल आणि माझ्या नावाने बोटं मोडेल.’’

पगार निम्मा, बचत गायब

दुसरा धडा माझा फेव्हरिट. मी तिला विचारलं, एक इंजिन गेलं म्हणजे ताकद निम्मी झाली. मग विमान निम्म्या वेगाने का होईना, वर चढेल ना?

यावर ती जे म्हणाली, ते कुठल्याही एचआरच्या प्रेझेंटेशनपेक्षा चांगलं होतं. ‘‘समज, तुझा पगार ५० हजार. खर्च २० हजार. बचत ३०. आता पगार निम्मा झाला, २५ हजार. खर्च तोच. बचत किती?’’

पाच हजार. पगार निम्मा, पण बचत तीसवरून थेट पाचवर! विमानाचंही तसंच. हवेत नुसतं सरळ राहायलाच बरीच ताकद खर्च होते. उरलेल्या ताकदीवर विमान चढतं. त्यामुळे एक इंजिन गेलं की ताकद ५० टक्के जाते, पण चढण्याची क्षमता ८० ते ९० टक्के जाते. हे आकडे अमेरिकेच्या विमान खात्याच्या, म्हणजे एफएएच्या हँडबुकातच दिलेत. सेमिनोलसारख्या २,७०० किलोच्या आतल्या हलक्या विमानांना एका इंजिनवर वर चढता आलंच पाहिजे, अशी सक्ती त्यांच्या वेळच्या सर्टिफिकेशनच्या नियमांत नव्हतीच. मोठ्या प्रवासी विमानांचं तसं नाही. त्यांना टेकऑफच्या वेळी एक इंजिन गेलं तरी चढून दाखवावंच लागतं. तेव्हा गोव्याला जाताना टेन्शन घेऊ नका!

आणि हो, बंद पडलेलं इंजिन नुसतं गप्प बसत नाही, ते ईएमआय लावून जातं. बंद इंजिनचा पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि विमानाला मागे खेचतो. म्हणून त्याची पाती वाऱ्याच्या धारेला धरून उभी करायची. त्याला म्हणतात फेदर करणं. गाडीच्या खिडकीतून तळहात वाऱ्यासमोर धरला तर हात मागे ढकलला जातो. तोच आडवा केला की वारा कापत जातो. तसंच.

मात्र ‘फेदर’च्या आधी दोन शब्द येतात. आयडेंटिफाय आणि व्हेरिफाय. कुठलं इंजिन गेलं ते ओळख. मग खात्री कर. खात्री कशी? जे गेलंय असं वाटतंय, त्याचा थ्रॉटल हळूच मागे घे. काहीच फरक पडला नाही, तर ते गेलेलंच होतं. विमान अजून बिघडलं, तर थांब बाबा, तू चालू इंजिनचा गळा धरलायस.

मला हे अगदीच बाळबोध वाटलं. चालू काय, बंद काय, एवढं कळणार नाही? तेव्हा तिने मला दोन तारखा दिल्या. ८ जानेवारी १९८९. लंडनहून बेलफास्टला निघालेलं ब्रिटिश मिडलँडचं बोइंग ७३७. डाव्या इंजिनात बिघाड झाला आणि पायलटनी बंद केलं उजवं, धडधाकट इंजिन. केगवर्थ गावाजवळ हायवेच्या बांधावर विमान आदळलं. १२६ पैकी ४७ जण गेले. दुसरी तारीख ४ फेब्रुवारी २०१५. तैपेईहून उडालेलं ट्रान्सएशियाचं एटीआर. एका इंजिनने टेकऑफनंतर दगा दिला आणि कॅप्टनने बंद केलं दुसरं. विमान पुलाला घासून नदीत पडलं. ५८ पैकी ४३ जण गेले.

या दोन्ही कॉकपिटमध्ये नवशिके नव्हते. सगळे शिकलेसवरलेले, लायसन्सवाले. घाईत हात चुकीच्या लिव्हरवर गेला. त्या दिवशी मी काही जोक मारला नाही. उशी बाजूला ठेवली आणि म्हटलं, पुन्हा सांग. आयडेंटिफाय, व्हेरिफाय...

आरशातलं विमान

आता येऊ उजव्या सीटकडे. डावीकडे बसून शेकडो तास उडवलेली पोर उजवीकडे बसली की पहिले काही दिवस पार गोंधळते. डावीकडून उजव्या हाताने थ्रॉटल ढकलायची सवय. इकडे थ्रॉटल डाव्या हाताला. मुख्य तबकड्या समोरच्याच्या पुढ्यात, त्या तिरक्या नजरेने वाचायच्या. धावपट्टीची मधली रेघसुद्धा भलत्याच ठिकाणी दिसते. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालवायला शिकताना झालं होतं तसंच, ती म्हणाली, फक्त इथे बाजूला थांबून इंडिकेटर लावायची सोय नाही.

हात आठवड्याभरात सरावतात. खरी गोची पुढे आहे. तिथले इन्स्ट्रक्टर या ट्रेनिंगमध्ये एक मस्त नाटक करतात. ते स्वतः डावीकडे बसतात आणि विद्यार्थी होतात. तोही वाईट विद्यार्थी! चुकीचं पेडल दाबणारा, ब्लँक होणारा, नाक वर खेचत राहणारा. तिचे सर हजारो तास उडालेले आजोबा. पण सीटबेल्ट लावला की अकरावीतल्या वांड पोरासारखे वागायचे.

एक दिवस व्हीएमसी दाखवण्याचा सराव होता. भरपूर उंचीवर जायचं, अशा हिशेबाने की जमिनीपासून ३,००० फुटांच्या वरच सगळं आटोपेल. एका इंजिनची ताकद काढून घ्यायची, दुसरं फुल. मग हळूहळू वेग कमी करत न्यायचा. पाय पेडलवर दाबत, दाबत, दाबत... एका क्षणी पेडल संपतं आणि नाक सरकायला लागतं. तिथे लगेच सावरायचं. कसं? चालू इंजिनची ताकद कमी करायची आणि नाक खाली करायचं.

वाचलंत ना? एक इंजिन आधीच गेलंय, आणि जगायचं तर दुसऱ्याचीही ताकद कमी करायची! आपलं सगळं शरीर ओरडत असतं, अजून पॉवर दे. पण त्या क्षणी विमान पलटी मारायला निघालंय ते त्या चालू इंजिनमुळेच. ते जरा थंड केलं की रडरचं पुन्हा चालतं. ही गोष्ट ऐकून समजत नाही. ती पायात उतरावी लागते. आणि ती दुसऱ्याच्या पायात उतरवण्यासाठी तुम्हाला त्याला तिथपर्यंत न्यावं लागतं.

इथे एक बारीक कला आहे. गरम हवेत आणि उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे साध्या इंजिनांच्या विमानात व्हीएमसीचा वेग खाली घसरतो आणि पंखांनी उचल सोडण्याचा, म्हणजे स्टॉलचा वेग त्याला येऊन भिडतो. एक इंजिन फुल असताना स्टॉल झाला तर विमान गरगरत खाली जाऊ शकतं. दोन इंजिनांच्या या विमानांना गिरकीतून बाहेर येऊन दाखवायची परीक्षाच दिलेली नसते. म्हणून कसलेला इन्स्ट्रक्टर आपला पाय पेडलखाली अडसरासारखा धरतो. विद्यार्थ्याला वाटतं, रडर संपलं. खरं तर थोडं शिल्लक असतं. मास्तरच्या बुटाखाली! काठ दाखवायचा, पण खऱ्या काठाच्या दोन पावलं अलीकडे.

तर त्या दिवशी सरांनी मुद्दाम चुकीचं पेडल दाबलं. नाक सरकलं. हिने त्याच क्षणी ‘आय हॅव द कंट्रोल्स’ म्हणून विमान हातात घेतलं, झकास सावरलं. खूश! सर म्हणाले, तू छान उडवलंस, शिकवलं काहीच नाहीस. मी चूक केली हे मला कळायच्या आधीच तू ती पुसून टाकलीस.

पुढच्या वेळी ती थांबली. तोंडाने सांगत राहिली, दुसरा पाय, दुसरा पाय. सरांनी ऐकलं नाही. ती थांबली... आणि विमान असं कलंडलं की खालची हिरवी शेतं थेट खिडकीत आली. सरांनी एका हाताने सावरलं आणि म्हणाले, आता उशीर केलास.

या दोन चुकांच्या मधे किती वेळ होता? तिच्या अंदाजाने दोन सेकंद. फार तर तीन. एमईआयचं सगळं ट्रेनिंग, सगळे डॉलर, बाबांचा पीएफ, सगळं त्या दोन-तीन सेकंदांसाठी. तेवढ्यात डावीकडच्याला चुकू द्यायचं, त्याला ते जाणवू द्यायचं आणि तरी दोघांनी संध्याकाळी घरी जायचं.

मी विचारलं, मग हात कुठे ठेवायचे? ती म्हणाली, ‘‘मांडीवर. पण जागे. पाय पेडलवर टेकलेले, दाबलेले नाहीत. समोरच्याला वाटलं पाहिजे, विमान माझंय.’’

खड्ड्यात उतरवणारा मास्तर

ही अक्कल विमानविद्येला आली पहिल्या महायुद्धात. तेव्हा ब्रिटिश फौजेत शिकाऊ पायलटच ट्रेनिंगमध्ये धडाधड मरत होते. शिकवणारे बरेचसे फ्रंटवरून दमून आलेले, विद्यार्थ्यांना घाबरलेले. धोकादायक गोष्टींपासून लांब राहा, एवढाच उपदेश. मग रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या एका अफलातून अधिकाऱ्याने १९१७मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला वेगळीच शाळा काढली. दोघांनाही कंट्रोल्स असलेलं विमान, आणि मधे बोलायला एक रबरी नळी. त्याचं म्हणणं साधं होतं. विद्यार्थ्याला संकटापासून लांब ठेवू नका. मास्तर सोबत असताना संकटात न्या आणि त्याला स्वतःच्या हाताने बाहेर येऊ द्या. त्या बोलायच्या नळीला पुढे ‘गॉस्पोर्ट ट्यूब’ हेच नाव पडलं. आज नळीच्या जागी हेडसेट आलाय, बाकी तत्त्व तेच.

आता प्रॅक्टिकल प्रश्न. शिकवायचंच कशाला? एअरलाइनमध्ये का नाही जात डायरेक्ट? तर अमेरिकेत कमर्शियल लायसन्स मिळतं साधारण २५० तासांना, आणि एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला काही सवलती सोडल्या तर लागतात १,५०० तास. १२ फेब्रुवारी २००९ला बफेलोजवळ कोलगन एअरचं दोन इंजिनांचं विमान स्टॉल होऊन पडलं, ५० जण गेले. त्यानंतर हा नियम आला, २०१३पासून. मधले बाराशे-साडेबाराशे तास पदरचे पैसे घालून उडायचे तर घरदार विकावं लागेल. म्हणून बहुतेक पोरंपोरी शिकवतात. विद्यार्थी पैसे भरतो, तास मास्तरच्याही लॉगबुकात पडतात. मजा म्हणजे कोलगनच्या दोन्ही पायलटांकडे १,५००पेक्षा जास्त तास होतेच! तास मोजता येतात म्हणून नियम तासांचा. त्या तासांत नाक वर खेचायचं की खाली न्यायचं हे अंगात मुरलं का, ते मोजायचं मशीन नाही. ते बघायला शेजारी माणूसच लागतो.

आपल्याकडे गणित वेगळं. भारतात कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, आणि नशीब जोरावर असेल तर विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग करून थेट को-पायलट होता येतं. त्यामुळे इन्स्ट्रक्टर होणं ही सक्तीची पायरी नाही. माझी मैत्रीण एफ-१ व्हिसावर गेलेली. अशांना कोर्सनंतर काही काळ तिथेच काम करता येतं. तेवढ्यात शिकवून तास गोळा करायचे, मग परत यायचं, डीजीसीएच्या परीक्षा देऊन लायसन्स भारतीय करून घ्यायचं, असा प्लॅन. ‘‘आधी मी पण तासांसाठीच आले होते,’’ ती एकदा म्हणाली. ‘‘आता वाटतं, ज्याला मी घाईघाईत शिकवीन तो उद्या तुला घेऊन उडेल.’’

मला? थँक यू हं!

बाबांचा फंडा

तिचे बाबा मध्य रेल्वेचे रिटायर्ड मोटरमन. पहिल्यांदा त्यांना हे सगळं कळलं तेव्हा घरात महाभारत झालं. ‘‘इंजिन चालू ठेवायला शिकवतात हे ऐकलंय. बंद करायला शिकवायचे एवढे डॉलर?’’ आई देवासमोर. ती तिकडे फोनवर हुंदके देतेय. मी इकडे दोन्हीकडचे निरोप पोचवतेय.

मग एका रविवारी मी त्यांच्याकडे पोह्यांना गेले होते, तेव्हा मी तो दोन सेकंदांचा किस्सा त्यांना सांगितला. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘मी शिकत होतो तेव्हा इन्स्पेक्टर असाच शेजारी उभा असायचा. मागे हात बांधून. ठाण्याला प्लॅटफॉर्म जवळ येतोय, मी ब्रेक लावायला जरा उशीर करतोय, आणि हा ढिम्म. मला वाटायचं, याला काही पडलेलीच नाही. पुढे मी स्वतः नव्या पोरांच्या शेजारी उभा राहायला लागलो, तेव्हा समजलं. त्या मागे बांधलेल्या हातांच्या मुठी वळलेल्या असायच्या.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला फोन केला. विमानाचं अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाले, मूठ आवळ, पण मागे.

परीक्षेला तिथे चेकराइड म्हणतात. सीएफआय आधीच असेल तर एमईआयला वेगळी लेखी परीक्षा नाही. पण आधी काही तास तोंडी, मग विमानात. परीक्षकही विद्यार्थी होऊन बसतो, आणि आजोबांपेक्षा इरसाल असू शकतो. तिची परीक्षा गेल्या महिन्यात झाली. परीक्षकाने चुकीचं इंजिन ‘ओळखलं’ आणि हात थेट फेदरच्या लिव्हरकडे नेला. ती हात न लावता म्हणाली, ‘‘व्हेरिफाय?’’ एकच शब्द, प्रश्नासारखा. त्याचा हात थांबला. त्याने थ्रॉटल मागे घेतला, विमानाने मान फिरवली, आणि ‘विद्यार्थ्या’ला आपली चूक स्वतःच दिसली. रात्री उशिरा तिचा मेसेज आला. अंगठा, विमान आणि वडापाव, असे तीन इमोजी.

आता ती पहिल्या खऱ्या विद्यार्थ्याला शिकवतेय. तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, दोन मुलांचा बाप. हा काही नाटक करत नाही. खरोखरच चुकतो.

आणि तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही तर एक्सेलमध्ये उडतो! असू द्या. तुमच्या टीममध्ये नुकतं जॉइन झालेलं एखादं पोरगं असेलच. उद्या ते तुमच्या डोळ्यांदेखत चुकीचा फॉर्म्युला टाकेल आणि तुमचा हात त्याच्या माउसकडे झेपावेल. तेव्हा हात मांडीवर ठेवा. एक... दोन... फार तर ‘‘व्हेरिफाय?’’ म्हणा.

फाइल क्लायंटला जायच्या आत मात्र माउस घ्या बरं का. उशीर करू नका!